जर्मनाचे ऐकणारे

माझे वडील लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरोनेट वाजवायचे. लाल कोट, खांद्यावर सोनेरी झालर आणि पायात स्लिपर. कोट बँडमालकाचा, स्लिपर आमची. लग्नसराईत घरात दोन्ही वेळा नीट शिजायचं. पावसाळ्यात लग्नं बंद, मग ते मोंढ्यात पोती उचलायचे. मी आठवीत असताना एका वरातीत जनरेटरची गाडी उलटली आणि तिचा दांडा त्यांच्या तोंडावर बसला. पुढचे चार दात गेले. पुढचे दात नसले की क्लॅरोनेट वाजवता येत नाही, हे आमच्या घराला तेव्हा कळलं. नंतरची सगळी वर्षं त्यांनी त्याच बँडच्या मागे तीच गाडी ढकलली. आई होस्टेलच्या मुलांना भाकऱ्या करून द्यायची. तव्यासमोरून ती उठली की डोळे लाल झालेले असायचे. मी तिच्या शेजारी पिठाच्या डब्यावर वही ठेवून गणितं सोडवली. संख्याशास्त्रात बी.एस्सी. झाले, पहिल्या वर्गात. आमच्या दोन्ही बाजूंच्या घराण्यांत कॉलेजची पायरी चढून पदवी घेऊन उतरलेलं माणूस मी पहिलं. हे मी कुणालाही सांगते, विचारलं नाही तरी सांगते.

वडिलांबरोबर वराती पुष्कळ पाहिल्या. वरातीपुढे बेभान नाचणारी सगळीच पोरं नवरदेवाची मित्रमंडळी नसतात, काही आणलेली असतात, हे मला दहाव्या वर्षी ठाऊक होतं. वडील म्हणायचे, "वळखू येतंय की. आनलेलं पोरगं नाचता नाचता जेवनाच्या मांडवाकडं बघतंय."

पुढे कतारला, दोह्यात, हीच माझी नोकरी झाली. अल सद्द भागातल्या आमच्या कंपनीत मी कलाकारांचे आकडे तपासायचे. गायक, निवेदक, रील करणारे, सगळे आपापली लोकप्रियता घेऊन आमच्याकडे यायचे. इतके लाख ऐकतात, तितके लाख बघतात. त्यातले खरे किती आणि आणलेले किती, हे शोधून मी अहवाल द्यायचा. आमच्या मॅनेजर बाई लेबनॉनच्या. त्या माझी ओळख करून देताना म्हणायच्या, "ही आमची कस्टमवाली. हिच्या टेबलावरून खोटं जात नाही." मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू.

अशात जर्मन आला.

त्याचं नाव मी इथे लिहीत नाही. ऑफिसात सगळे त्याला नावाने हाक मारायचे, मी मनातल्या मनात जर्मन म्हणायचे. आईला फोनवर सांगितलं, "एका जर्मनाचं काम आलंय." ती म्हणाली, "पातेल्याचं का डब्याचं?" आमच्याकडे अॅल्युमिनियमच्या भांड्याला जर्मन म्हणतात. माणूस आहे म्हटल्यावर म्हणाली, "मग जपून ऱ्हा बाई. जर्मनचं भांडं लवकर करपतंय."

साठीकडे झुकलेला, उंच, मानेपाशी वाकलेला. दोह्याच्या उन्हात काळी छत्री घेऊन चालत यायचा. गाडी नव्हती, घ्यायचीही नव्हती. तिकडे जर्मनीत त्याने आयुष्यभर दुसऱ्यांसाठी गाणी लिहिली होती, दुसऱ्यांच्या रेकॉर्डी काढल्या होत्या. गाणारे मोठे झाले, याचं नाव बारीक अक्षरात राहिलं. बायको इथल्या एका शाळेत शिकवायला आली, तिच्यामागे हा आला. ती दोन वर्षांनी परत गेली, हा राहिला. मदिनत खलीफा भागात एका व्हिलाच्या मागच्या दोन खोल्या त्याने घेतल्या होत्या. एकीत झोपायचा, दुसरीत भिंतींना गोधड्या-ब्लँकेटं लावून गाणी करायचा. गाण्यांना नावं नाहीत, नुसते आकडे. एक, दोन, सात, बावीस. शब्दही नाहीत. मी विचारलं, आयुष्यभर शब्द लिहिलेत, आता का नाही? म्हणाला, "संपले."

गाण्यांत असायचं काय, तर एसीच्या कॉम्प्रेसरची घरघर, सुपरमार्केटच्या ट्रॉलीचं चाक, बिन महमूद भागातल्या कुठल्याशा इमारतीतल्या लिफ्टची घंटी. या सगळ्याखाली पियानोचे चार-सहा सूर. एकदा ऑफिसात आला तो थेट पँट्रीत गेला आणि फ्रिजला कान लावून उभा राहिला. मग मॅनेजर बाईंना म्हणाला, "हा खोटं बोलतोय. थंड करत नाही, नुसता आवाज करतोय." बाई हसल्या. पुढच्याच आठवड्यात फ्रिज बंद पडला, आतलं लबान, इकडचं ताक, नासलं. या माणसाला कान आहे, एवढं मी तेव्हाच मान्य केलं. पण कान असणारा माणूस लबाड नसतो असं थोडंच आहे.

जेवणाला रोज दोन उकडलेली अंडी आणि एक खबूस, इकडची रोटी. अंड्याचं साल तो अख्खं, एका पट्टीत सोलायचा, आणि मध्ये तुटलं तर ते अंडं समोरच्याला देऊन टाकायचा. मला तीनदा मिळालं. कुणी कौतुक करायला लागलं की उठायचा आणि म्हणायचा, "माझी गाडी आली." गाडी नाही हे सगळ्यांना माहीत. पण उठायचा, छत्री घ्यायचा, जायचा. "यल्ला" म्हणजे चला आणि "खलास" म्हणजे संपलं, हे दोन अरबी शब्द शिकला होता आणि दोन्ही चुकीच्या वेळी वापरायचा. मीटिंग सुरू होताना खलास.

आणि फोनवर काळी टेप. गाण्याच्या ॲपमध्ये जिथे ऐकणाऱ्यांचा आकडा दिसतो, नेमकी त्या जागी स्क्रीनवर टेपचा तुकडा. लॅपटॉपवर तसाच. मला वाटलं, हे नाटक आहे. ज्याने आकडे विकत घेतलेत तोच असं दाखवतो, की मला बाबा आकड्यांशी घेणं नाही.

कारण आकडे मोठे होते. एका मोठ्या संस्थेला नव्या इमारतीसाठी संगीत करून हवं होतं. दोन वर्षांचं काम, आणि त्यावरच त्याचा इथला राहण्याचा परवाना ठरणार होता. संस्थेची अट एकच: संगीतकार खरोखर लोकप्रिय असला पाहिजे, आणि ती लोकप्रियता आम्ही तपासून द्यायची. अहवाल चांगला आला तर करार. वाईट आला तर करार नाही, परवाना नाही, आणि गावभर नाव खराब. हे काम करणारं जग लहान आहे. एका शहरात खोटा ठरलेला माणूस दुसऱ्या शहरात खरा होत नाही.

मी त्याला आकडे वाचून दाखवायला लागले की तो एकच शब्द बोलायचा.

"कोण?"

"म्हणजे?"

"इतके लोक ऐकतात म्हणतेस. कोण? एकाचं नाव सांग."

मी म्हणायचे, नाव कसं कळेल, आम्हाला शहर कळतं, वेळ कळते. तो मान हलवायचा, अंडं सोलायला घ्यायचा. मला वाटायचं, चोर पोलिसाला विचारतोय, चोर कोण.

मी खणायला लागले तसा संशय वाढतच गेला. सगळी लोकप्रियता एका गाण्याची होती, सतरा नंबरच्या. सहा मिनिटांचं. बाकीच्या गाण्यांना कुत्रं विचारत नव्हतं. सतरा नंबर ऐकणारे लाखात, पण त्याखाली एक शब्द कुणी लिहिलेला नाही, छान नाही, वाईट नाही. हृदय नाही, अंगठा नाही. ऐकायची वेळ पहाटे साडेतीन ते पाच. त्यानंतर जवळजवळ शांतता. प्रत्येक खातं रोज एकदाच ऐकतं, पण पहिल्या सेकंदापासून शेवटच्या सेकंदापर्यंत. मध्ये सोडलं, पुढे ढकललं, असं नाहीच. माणूस असा ऐकत नाही. स्वतःच्या लग्नाची सीडीसुद्धा माणूस पुढे ढकलतो. शेकडो फोन एकाच वायफायवर, आणि ते रांगेत. एकाचं संपलं की अर्ध्या मिनिटात दुसऱ्याचं सुरू, दुसऱ्याचं संपलं की तिसऱ्याचं. आणि शुक्रवारी ही वेळ सरकून सकाळी दहावर जायची, आणि प्रत्येक खातं गाणं दोनदा वाजवायचं. दर शुक्रवारी, न चुकता.

याला आमच्या धंद्यात यंत्र म्हणतात. कुणीतरी एका खोलीत फोन मांडून ठेवलेत, प्रोग्रॅम लिहिलाय, शुक्रवारसाठी वेगळा लिहिलाय. वायफायचा पत्ता शहराबाहेरच्या गोदामांच्या बाजूचा निघाला तेव्हा मी खुर्चीत मागे टेकून स्वतःवर खूश झाले. असेच आकडे बारीक प्रमाणात शारजाहून येत होते, मस्कतहून येत होते. म्हणजे टोळी आहे, शाखा आहेत.

अहवाल देण्याआधी मी त्याला सरळ विचारलं. बोलण्यात आडवळण मला जमत नाही.

"हे ऐकणारे तुम्ही विकत घेतलेत का?"

तो रागावला नाही. रागावला असता तर मला बरं वाटलं असतं.

"मी नाही घेतले," तो म्हणाला. "पण मलाही ते खरे वाटत नाहीत. रिकाम्या थिएटरात टाळ्या ऐकू येतात तसं वाटतं. म्हणून टेप लावली. तू शोध. सापडले की मलाही सांग."

मी अहवालात लिहिलं: कलाकाराने समाधानकारक खुलासा केला नाही. निष्कर्ष: श्रोते कृत्रिम असण्याची दाट शक्यता. गुरुवारी सकाळी तो मॅनेजर बाईंना पाठवला. त्यांनी माझ्या टेबलाशी येऊन खांद्यावर थोपटलं. संस्थेबरोबर बैठक रविवारी होती. नियम असा, की कलाकाराला अहवालाची प्रत आधी हातात द्यायची, म्हणजे त्याला बोलायची संधी मिळते. दुपारी लिफाफा घेऊन मी कंपनीच्या गाडीत बसले.

गाडी चालवायला मामा. साताऱ्याकडचे, खटाव तालुक्यातले, पन्नाशीचे. बायकामुलं गावी, हे पंधरा वर्षं इथे. मी त्यांना मामा म्हणायचे, ते मला ताई. सिग्नलला गाडी थांबली आणि मामा गुणगुणायला लागले. चार सूर, मग थोडं थांबून दोन, मग जिभेने टिंग असा आवाज. मी लिफाफ्यावरचा हात काढला.

"मामा, हे कुठलं गाणं?"

"कुटलं?" त्यांनी गुणगुणणं थांबवलं. "आवो, तोंडात बसलंय. काय न्हाई."

"कुठलं ते सांगा."

"आंगूळीचं हाय."

"काय?"

"आता ताई, तुमास्नी कसं सांगू." ते आरशात न बघता समोर बघत राहिले. "आमच्या बिल्डिंगीत मजल्याला बाथरूमं कमी, मानसं जास्त. बस साडेचार-पाचला सुटती. पयलं लई भांडनं व्हायची. आत गेला की भायेर येतच न्हाई मानूस. मग कुनीतरी काढलं, एक मानूस, एक गानं. आपला फोन भायेर स्टुलावर ठिवायचा, गानं लावायचं आन आत जायाचं. गानं संपलं की कडी काढायची. लाइनीतल्या सगळ्यास्नी ऐकू येतंय, कुनी कुनाला फशिवत न्हाई."

"पण हेच गाणं का?"

"बोल न्हाईत ना त्याला. पयलं हिंदी लावलं तर केरळवाला म्हनला आमचं का न्हाई. केरळचं लावलं तर नेपाळी तोंड फिरवतंय, पाकिस्तानी वेगळंच मागतंय. ह्ये कुनाचंच न्हाई, म्हनून सगळ्यांचं. आन मदी घंटी वाजती. घंटी वाजली की साबन धुवायला घ्यायचा. शेवटाला ठक करून आवाज येतो, तवा टावेल गुंडाळलेला पायजे."

"आणि शुक्रवारी?" माझा आवाज मलाच बारीक लागला.

"सुट्टी न्हवं का. शुक्रवारी दोन गानी. डोक्याला तेल, दाढी, समदं निवांत."

गाडी मागून कुणीतरी हॉर्न दिल्यावर हलली. मी विचारलं, हे गाणं आलं कुठून. मामा म्हणाले, सांगलीकडचा एक प्लंबर होता, कुठल्याशा व्हिलात गिझर बसवायला गेला होता. तिथे हे वाजत होतं. गाणं सुरू झालं तेव्हा त्याने बादली नळाखाली लावली, संपलं तेव्हा भरली. त्याने फोनला ऐकवून ते गाणं शोधून घेतलं. कॉन्ट्रॅक्ट संपलं तसा तो शारजाला गेला, गाणं घेऊन गेला. आता ज्या बिल्डिंगीत आमचा माणूस जातो तिथे चालू होतं.

माझा अहवाल एकेका ओळीने ढासळत होता. वेळ, रांग, अर्धं मिनिट, शुक्रवार. तरी मी सहज मानणारी नाही. मामा महिन्यातून दोनतीनदा जर्मनाला गाडीतून सोडायचे, हे मला माहीत होतं.

"मामा, खरं सांगा. त्या साहेबांनी तुम्हाला काही दिलंय का?"

"दिलंय की."

"काय?"

"उकडल्यालं अंडं. साल तुटल्यालं."

"हे गाणं त्यांचं आहे, माहीत आहे तुम्हाला?"

मामांनी पहिल्यांदा मागे वळून पाहिलं. "त्या छत्रीवाल्याचं?" मग म्हणाले, "मग त्यांना इचारा, घंटी जरा उशिरा वाजवता यील का. साबन हुतच न्हाई तवर."

मी जर्मनाच्या दारात पोचले, लिफाफा पर्समध्ये ठेवला आणि म्हटलं, उद्या सकाळी येते, दहाला, काम आहे. "खलास," तो म्हणाला. या वेळी तो शब्द मला लागला.

रात्रभर मी संशयाची एकच बाजू उलटीपालटी केली: एका ड्रायव्हरच्या सांगण्यावर अहवाल फिरवायचा? कॉलेजात आम्हाला शिकवलं होतं, ऐकलेलं प्रमाण धरू नका, मोजा. म्हणून मी मोजायचं ठरवलं. जर्मनाची बाकी गाणी कुणीच ऐकत नव्हतं. त्यातलं एक निवडायचं. मामांनी रांगेतल्या लोकांना सतराऐवजी ते लावायला सांगायचं. जर्मनाच्या खात्यावर या क्षणी किती जण ऐकतायत ते दिसतं. शून्य हललं तर माणसं खरी. नाही हललं तर लिफाफा आहेच.

शुक्रवारी जर्मनाच्या खोलीतून मामांना फोन लावला तेव्हा मागे बादल्यांचा आणि माणसांचा गलका चालला होता. जर्मन समोर बसला होता. मी त्याला एवढंच सांगितलं होतं, की परीक्षा आहे.

"मामा, आज गाणं बदलायचं. नऊ नंबरचं लावा म्हणावं."

"कितीचं हाय?"

जर्मन म्हणाला, पाच मिनिटं चाळीस सेकंद. मी सांगितलं. मामांनी तिकडे ओरडून सांगितलं आणि पाच-सहा भाषांत नकार आला.

"ताई, न्हाई म्हनत्यात. शुक्रवारचं कमी न्हाई चालनार. सुट्टीच्या दिवशी मानसाला पळवायचं का?"

जर्मनाने विचारलं, काय झालं. मी म्हटलं, लहान पडतंय. तो ताठ बसला. आपलं गाणं लहान पडतंय म्हणून कुणीतरी तक्रार करतंय, हे त्याने बहुधा जन्मात पहिल्यांदा ऐकलं. थोडा विचार करून म्हणाला, "एकतीस. आठ मिनिटं. फार कंटाळवाणं आहे."

"मामा, आठ मिनिटांचं आहे."

मामांनी ओरडून सांगितलं. तिकडून हास्याचा लोट. "लावत्यात लावत्यात," मामा म्हणाले. "दोनदा लावनार म्हनत्यात."

लॅपटॉपवरची टेप जर्मनाने स्वतः काढली. नखाने, हळूहळू, अंड्याच्या सालीसारखी एका पट्टीत. खाली एकतीस नंबरसमोर शून्य होतं. मी शून्याकडे बघत होते आणि मधूनच त्याच्याकडे. अजूनही. याच्या चेहऱ्यावर काही आधीपासून ठरलेलं दिसतंय का, हे मी शोधत होते.

शून्याचा एक झाला.

"तीन नंबरच्या बाथरूमात गेला," मामा फोनवर. "पाच नंबरात गेला. वरच्या मजल्यावर बी सांगितलंय."

दोन. चार. मग बराच वेळ चार. मग एकदम नऊ. जर्मनाचा हात टेबलाच्या कडेला होता, तो त्याने मांडीवर घेतला. अकरा. फोनमधून त्याचंच गाणं येत होतं, पाण्याच्या आवाजात, पाच-सहा स्टुलांवरून, प्रत्येकाचं थोडं पुढेमागे. तो ऐकत होता तसं त्याला ऐकताना मी आधी पाहिलं नव्हतं, फ्रिजपाशीसुद्धा नाही.

मग फोनमधून, बाथरूमच्या दारापलीकडून, कुणीतरी जोरात ओरडलं, "अरे भाई, इसमें घंटी कहाँ है? साबुन कब धोऊँ?"

"काय म्हणतोय?" जर्मनाने विचारलं.

मी सांगितलं. घंटी नाही म्हणतोय, साबण कधी धुवायचा ते कळत नाही.

तो हसला नाही. म्हणाला, "बरोबर विचारतोय. एकतीसला मधला भागच नाही. मी तेव्हा आळस केला." मग फोनकडे वाकून, "त्याचं नाव विचार."

तो माणूस बाहेर आल्यावर मामांनी विचारून सांगितलं. नेपाळचा होता, इमारतींना परांच्या बांधायचं काम करायचा. जर्मनाने ते नाव काढलेल्या टेपच्या तुकड्यावर लिहिलं, मला स्पेलिंग दोनदा विचारून. तिथून पुढे मामांशी त्याचं जे सुरू झालं त्यात मी नुसती दुभाषी होते. पाणी गरम असतं का. घंटीपर्यंत काय काय होतं. घंटी दहा सेकंद उशिरा केली तर? मामा एकदम सावध झाले. म्हणाले, "साहेबास्नी सांगा, मागं म्या म्हनलो हुतो, पन तसं नगं. सगळ्यांचं आता त्याच्यावर बसलंय. गानं वाढलं तर दा मानसांमागं बस चुकंल." मी सांगितलं. जर्मन म्हणाला, "हात लावणार नाही."

तेव्हा मी पर्समधून लिफाफा काढला आणि त्याच्यापुढे ठेवला. वाचा म्हटलं. त्याने वाचला. कृत्रिम या शब्दावर बोट ठेवून थांबला.

"चांगलं लिहिलंयस," म्हणाला. "मीही हेच लिहिलं असतं."

माफी मागायची मला सवय नाही. आमच्याकडे गरीब माणूस दिवसभर माफीच मागत असतो, म्हणून मी ती फार जपून वापरते. त्या दिवशी मागितली. तो उठला, छत्री उचलली, "माझी गाडी आली" म्हणाला आणि स्वतःच्याच घरातून बाहेर निघून गेला. मी त्याच्या खोलीत ब्लँकेटांमध्ये एकटी बसून राहिले.

शनिवारी मी नवा अहवाल लिहिला. रविवारी सकाळी मॅनेजर बाईंनी तो वाचला, चष्मा काढला.

"हबीबती, गुरुवारी तू उलटं लिहिलं होतंस."

"गुरुवारी मी चुकले होते. तेही त्यात लिहिलंय."

"ते वाचलं. आणि हे काय? ऐकणारे बांधकाम, प्लंबिंग आणि वाहतूक या कामांतले पुरुष, रोज पहाटे, आंघोळीच्या वेळी. क्लायंटला मी हे वाचून दाखवू? नुसतं लिही, श्रोते खरे आहेत."

"मग ते विचारतील, कोण?"

बाईंनी माझ्याकडे जरा निरखून पाहिलं. त्यांना वाटलं असेल, जर्मनाने हिला काही दिलं. त्यांच्या जागी मी असते तर मलाही वाटलं असतं. त्यांनी पेनाने ते वाक्य खोडलं.

बैठकीत जर्मनाने अहवालाची प्रत वाचली, खोडलेलं वाक्य पाहिलं आणि कराराचा कागद बंद केला. संस्थेच्या साहेबांना म्हणाला, "हे वाक्य परत घातलं तर मी सही करीन. आयुष्यात पहिल्यांदा मला माझे ऐकणारे कोण ते कळलंय." बाई माझ्याकडे बघायला लागल्या. संस्थेचे साहेब, पांढऱ्याशुभ्र पायघोळ थोबमधले, वयस्कर, त्यांनी कागद पुढे ओढला आणि खोडलेलं वाक्य ओठांनी वाचलं. दोनदा वाचलं. मग विचारलं, आकडे कुणी तपासले. मी हात वर केला. खात्री आहे? मी म्हटलं, स्वतः मोजलेत. ते म्हणाले, वाक्य राहू द्या.

दुपारी दोनच्या सुमारास करारावर सह्या झाल्या. जर्मनाचा परवाना दोन वर्षांसाठी वाढला. अहवाल त्या वाक्यासकट संस्थेत जमा झाला, आणि 'तपासले, खरे आहेत' याखाली सही माझी आहे.